बास्केटबॉल जीएम: ड्राफ्टमधून संघ उभारायचा सराव, साध्या मोबाइलवर

ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंना संघांनी पाळीपाळीने निवडण्याच्या पद्धतीतून, संघ नव्याने उभा करणं म्हणजे काय, हे बातम्या वाचून अर्धंच कळतं. उरलेलं कळायला संघ हातात घ्यावा लागतो, स्वतःच मोडावा लागतो आणि दोन-तीन हंगाम हरत बसावं लागतं. ‘बास्केटबॉल जीएम’ हा ब्राउझरमध्ये चालणारा फुकट खेळ नेमकं हेच करायला लावतो, आणि म्हणून एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग मनापासून बघणाऱ्या प्रत्येकाने तो खेळावा असं आमचं ठाम मत आहे.

यात चेंडू तुमच्या हातात येत नाही. तुम्ही जनरल मॅनेजर (जीएम) असता, म्हणजे संघात कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं हे ठरवणारे. समोर तक्ते असतात, आकडे असतात, करार असतात. जेरेमी शेफ या प्रोग्रामरने हा खेळ बनवला असून त्यात वर्षानुवर्षं भर पडत आली आहे. भाषा इंग्रजी आहे, मराठी किंवा हिंदीची सोय नाही. पण शब्द ठरावीक आहेत, आठवीतलं पोरही ते दोन दिवसांत उचलतं.

सोलापुरात या खेळाचा मोठा फायदा म्हणजे त्याला लागणारं सामान. कन्सोल आणि त्यावरचा महागडा बास्केटबॉल गेम घ्यायचा तर घरच्या बजेटचा विचार करावा लागतो. हा खेळ साध्या अँड्रॉइड फोनवर उघडतो. एकदा पान पूर्ण उघडलं की पुढे इंटरनेट नसतानाही चालतो, त्यामुळे लाइट गेली आणि वायफाय बंद पडलं तरी हंगाम अडत नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पारा 42 च्या पुढे जातो, कोर्टावर पाय ठेवता येत नाही, तेव्हा मुलांना खेळाशी जोडून ठेवायला याच्याइतकं स्वस्त साधन नाही. पानावर जाहिराती दिसतात. दरमहा पैसे भरून त्या घालवता येतात, पण न भरल्याने खेळातलं काही अडत नाही.

नवी लीग सुरू करताना दोन मार्ग आहेत: काल्पनिक खेळाडू किंवा खरे खेळाडू. खऱ्या खेळाडूंसह 1947 पासूनचा कुठलाही हंगाम निवडता येतो. शहरं खरी असतात, संघांची नावं आणि चिन्हं मात्र वेगळी. खरीच हवी असतील तर लोकांनी बनवलेली रोस्टर फाइल, म्हणजे संघ आणि खेळाडूंची यादी, टाकावी लागते. शिकायचं असेल तर सुरुवात काल्पनिक खेळाडूंपासून करा. नावाचा मोह नसला की माणूस वय, करार आणि आकडा बघायला शिकतो. अवघडपणा ‘नॉर्मल’वर ठेवा. ‘ईझी’वर समोरचे संघ ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, फार सैल वागतात आणि चुकीच्या सवयी लागतात.

आयपीएलच्या लिलावावर वाढलेल्या प्रेक्षकाला आधी एक गोष्ट मनात बसवावी लागते. लिलावात ज्याच्या पिशवीत पैसे त्याला खेळाडू. ड्राफ्टमध्ये जो सर्वांत जास्त हरला त्याला आधी संधी, आणि तीही नशिबाच्या चाळणीतून. 2019 मध्ये आलेल्या एनबीएच्या लॉटरी पद्धतीत तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकची, म्हणजे सर्वांत आधी खेळाडू निवडण्याच्या हक्काची, प्रत्येकी 14 टक्के संधी मिळते. चिठ्ठीने फक्त पहिली चार स्थानं ठरतात, बाकीचे संघ पराभवांच्या क्रमाने लागतात. म्हणून सर्वांत वाईट संघ फार तर पाचव्या क्रमांकापर्यंत घसरतो. डेट्रॉइटचं 2023 मध्ये हेच झालं: 17 विजय, 65 पराभव आणि हातात पाचवं पिक. पुढच्या वर्षी 14-68, पुन्हा पाचवं. 2025 मध्ये 17-65 करणाऱ्या युटाच्या वाट्यालाही पाचवंच आलं आणि केवळ 1.8 टक्के संधी असलेल्या डॅलसने पहिलं पिक उचलून कूपर फ्लॅगला घेतलं. खेळातली लॉटरी याच पद्धतीने चालते. ‘मुद्दाम हरलो म्हणजे तारा मिळणार’ हा समज ती एक-दोन हंगामांत उतरवते, आणि हा या खेळाचा मोठा गुण आहे. सेटिंगमध्ये 1994 ची जुनी पद्धत लावून बघा. त्या काळच्या नियमांत तळाच्या संघाचं पारडं जास्त जड होतं, ते लगेच जाणवतं.

आता उभारणीचं मुख्य काम. प्रत्येक खेळाडूला दोन आकडे असतात: आजची ताकद आणि संभाव्य ताकद. 70 च्या पुढचा खेळाडू बहुतेक लीगमध्ये अगदी वरच्या पंक्तीतला असतो. संघाची ताकद पहिल्या दहा खेळाडूंवरून निघते, त्यात सर्वांत चांगल्या खेळाडूचं वजन सर्वाधिक आणि पुढे ते उतरत जातं. म्हणजे 50 च्या आसपासचे सहा-सात जण साठवून संघ मधल्या फळीत अडकतो, वर जात नाही. संघ हाती आल्यावर पहिलं काम हेच: तिशीकडे झुकलेले, मोठ्या कराराचे, पण आज चांगले दिसणारे खेळाडू विकायला काढा. वय वाढल्याचा फटका नवा हंगाम सुरू होण्याआधी प्रीसीझनमध्ये बसतो, म्हणून विक्री त्याआधी उरकायची. प्रीसीझन उलटल्यावर त्याच खेळाडूचा भाव पडलेला असू शकतो.

विकायचं कोणाला, हेही महत्त्वाचं. प्रत्येक संघाचं धोरण जिंकण्याचं तरी असतं नाहीतर उभारणीचं. जिंकायला निघालेला संघ आपल्या पुढच्या पिकची किंमत कमी धरतो. त्याच्याकडून पिक मागा, तीही तीन-चार वर्षं पुढची. आणि शक्यतो अशा संघाची, ज्याचे मुख्य खेळाडू आज तिशीत आहेत. खऱ्या एनबीएत बोस्टनने 2013 मध्ये हेच केलं. केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स ब्रुकलिनला दिले आणि बदल्यात 2014, 2016 व 2018 च्या ड्राफ्टची पहिल्या फेरीची पिक, शिवाय 2017 ला पिक बदलून घेण्याचा हक्क मिळवला. त्यातून जेलन ब्राउन आला, जेसन टेटम आला आणि 2024 चं विजेतेपद आलं. ट्रेडच्या पानावर ‘हा सौदा जमायला काय लागेल’ असं विचारणारं बटण आहे. ते दाबलं की समोरचा संघ आपली मागणी सांगतो. पण ती मागणी जशीच्या तशी मान्य करू नका, बऱ्याचदा कमी महत्त्वाचं पिक पुढे करूनही काम होतं.

ड्राफ्टच्या पानावर यंदाचे आणि पुढच्या दोन वर्षांचे उमेदवार दिसतात. इथे पहिल्यांदा वय बघा. 22 वर्षांचा, आज 48 आणि संभाव्य 56 असा मुलगा लगेच उपयोगी वाटतो. पण 19 वर्षांचा, आज 42 आणि संभाव्य 65 असलेला मुलगा उभारणीसाठी जवळजवळ नेहमीच चांगला. संभाव्य आकडा म्हणजे हमी नव्हे, तो अंदाज आहे. कमी वयात वाढ जास्त आणि अनिश्चितता त्याहून जास्त. म्हणून एका पिकवर सगळं न लावता दोन-तीन हंगामांत पहिल्या फेरीची सहा-सात पिक जमवायची आणि त्यातून एक-दोन जमतील असं धरून चालायचं. सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: बाग लावल्या वर्षी कोणी बहार धरत नाही, आणि प्रत्येक झाड सारखं येत नाही.

दोन आकडे सारखेच असतील तर उंची, वेग आणि तीन गुणांचा नेम बघा, एकूण ताकदीत त्यांचं वजन मोठं आहे. जागेचं नाव, म्हणजे गार्ड की सेंटर, याला इथे फारसं महत्त्व नाही. पण नावापुढे येणाऱ्या कौशल्याच्या खुणांना आहे: चेंडू हाताळणारा, पास देणारा, रिंगजवळ बचाव करणारा, दूरवरून मारणारा. या एकमेकांना पूरक असल्या की पाचही जणांचा खेळ सुधारतो. नवख्याची चूक ठरलेली असते: ताकदीच्या आकड्यावर पाच उंच खेळाडू घेतो आणि चेंडू पुढे न्यायला माणूस नसतो.

बजेटमध्ये प्रशिक्षण, सुविधा आणि स्काउटिंग (उमेदवारांची पारख) असे खर्च असतात. स्काउटिंगवर पैसे ओतायचा मोह होतो, कारण ड्राफ्ट म्हटलं की तेच आठवतं. प्रत्यक्षात त्याने उमेदवारांच्या आकड्यातली धूसरता थोडी कमी होते, एवढंच. ते किमान पातळीवर आणा आणि वाचलेले पैसे प्रशिक्षणात घाला, कारण खेळाडूंची वाढ त्यावर अवलंबून असते. सुविधांचा परिणाम फार सावकाश दिसतो. ही पातळी तीन वर्षांच्या खर्चाच्या सरासरीवर ठरते, म्हणून उभारणीच्या पहिल्याच वर्षी सुरुवात करा. चौथ्या वर्षी जाग येऊन उपयोग नाही. मालकाच्या मनःस्थितीवरही लक्ष हवं. तो विजय, प्लेऑफ आणि नफा हे तिन्ही बघतो. सुरुवातीला सवलत देतो, नंतर सरळ काढून टाकतो. हरण्याच्या वर्षांत निदान पैसा शिल्लक राहिला तर खुर्ची टिकते.

फ्री एजंटचा, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा, बाजार 30 दिवस चालतो. मागण्या दिवसागणिक उतरतात. उभारणीच्या काळात पहिल्या दिवशी खरेदी करू नका. शेवटच्या आठवड्यात पंचविशीच्या आतले दोघे-तिघे स्वस्तात घ्या, वाढले तर पुढच्या हंगामात पिकच्या बदल्यात द्या.

उणिवाही स्पष्ट आहेत, आणि त्या करारांच्या भागात आहेत. खऱ्या एनबीएत पहिल्या फेरीच्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, त्यातली शेवटची दोन संघाच्या मर्जीवर. इथे पहिल्या फेरीला सरसकट तीन, दुसरीला दोन. म्हणजे 19 व्या वर्षी घेतलेला मुलगा नीट बहरायच्या आतच करार संपतो. तुम्ही ड्राफ्ट केलेला असेल तर त्याचा कल तुमच्याकडे जास्त असतो, ही भरपाई आहे, पण रिस्ट्रिक्टेड फ्री एजन्सी, म्हणजे दुसऱ्या संघाने देऊ केलेल्या कराराइतकाच करार देऊन आपला खेळाडू राखायचा हक्क, नसल्याने खऱ्या मॅनेजरची एक मोठी ढाल तुमच्याकडे नसते. खऱ्या नियमानुसार लागोपाठच्या दोन पुढच्या वर्षांत संघाला पहिल्या फेरीच्या पिकविना राहता येत नाही. खेळात ती आडकाठी नाही. पिकवर ‘पहिल्या चारात आलं तर आमच्याकडेच राहील’ अशी अट घालता येत नाही, पिक बदलून घेण्याचा हक्कही विकता येत नाही. ओक्लाहोमा सिटीने 2019 मध्ये पॉल जॉर्ज देऊन शे गिल्जस-अलेक्झांडर, पहिल्या फेरीची पाच पिक आणि पिक बदलून घेण्याचे दोन हक्क मिळवले. त्यातल्याच एका पिकवर 2022 मध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स आला आणि 2025 मध्ये विजेतेपद. हा सौदा या खेळात पूर्ण रचताच येत नाही. ज्याला ड्राफ्टचं अर्थकारण खोलात शिकायचं आहे त्याला ही उणीव टोचेल.

तांत्रिक धोका एकच, पण मोठा. तुमची लीग ब्राउझरच्याच साठ्यात राहते. फोनमधली जागा भरली म्हणून ब्राउझरचा डेटा साफ केला की वीस हंगाम एका फटक्यात जातात. आयफोनवरचा सफारी तर काही दिवस साइट उघडली नाही तर तिचा साठा आपोआप काढू शकतो, म्हणून पान होम स्क्रीनवर टाकून तिथूनच उघडा. प्रत्येक ड्राफ्टनंतर लीग एक्स्पोर्ट करून फाइल ड्राइव्हवर ठेवा. जागा कमी पडत असेल तर जुने बॉक्स स्कोअर (सामन्यांचे तपशीलवार आकडे) काढून टाकायची सोय आहे, ती वापरा.

ही एक्स्पोर्ट केलेली फाइल शाळा-कॉलेजच्या प्रशिक्षकांच्याही कामाची आहे. एकच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर चार-पाच मुलांना द्या, सगळ्यांचा संघ तोच, सुरुवात तीच. खऱ्या खेळाडूंसह 2013 ची फिलाडेल्फिया त्यासाठी उत्तम: तिथून खऱ्या संघाने 19-63, 18-64 आणि 10-72 असे तीन हंगाम काढले होते. पाच हंगामांनंतर कोणाचा संघ कुठे आहे, कोणी कुठलं पिक कधी विकलं, हे शेजारी ठेवून बघायला सांगा. खेळाडूंची पुढची वाटचाल प्रत्येक फोनवर वेगळी निघते, त्यामुळे फक्त विजय मोजू नका. ट्रेडची नोंद उघडून प्रत्येक सौद्याच्या वेळी खेळाडूचं वय आणि उरलेला करार किती होता, ते तपासा.