लॉनच्या कडांसाठी 35 सीसी ट्रिमर: नागपूरचा उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

गवत कापायचं ट्रिमर मशीन घ्यायला गेलं की पहिला प्रश्न सीसीचा, म्हणजे इंजिनाच्या आकाराचा असतो. 52 सीसीचं टू स्ट्रोक शेताच्या धुऱ्यावर ठीक, पण लॉनच्या कडेला ती ताकद कामाची नाही आणि हात मात्र भरून येतात. आमच्याकडे 35 सीसीचं फोर स्ट्रोक, सरळ दांड्याचं मशीन आहे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. कड कशी निघणार हे मुख्यतः दांड्याच्या टोकाला फिरणारं हेड आणि त्यातली गवत कापणारी नायलॉन तार ठरवते.

तार 2.4 मिमी, गोल. भरताना दोन्ही टोकं सारखी ठेवून बाणाच्या दिशेनं, एकावर एक न चढवता ताणून गुंडाळायची आणि रीळ काठापासून 3-4 मिमी रिकामं सोडायचं. ठासून भरली की आतले वेढे घासून तापतात, एकमेकांना चिकटतात, मग तार वाढवायला हेड जमिनीवर कितीही आपटा, ती बाहेर येत नाही. अशा वेळी रीळ उघडून चिकटलेला तुकडा कापून टाकावा, ओढत बसू नये. एप्रिल-मेमध्ये इथल्या कोरड्या हवेत नायलॉन ठिसूळ होतं आणि पेव्हर ब्लॉकला लागताच तुटतं. भरण्याआधी तार दिवसभर पाण्यात बुडवून ठेवली की फरक लगेच कळतो.

हेडवरचं गार्ड (संरक्षक झाकण) काढून चालवणारे बरेच दिसतात. तसं करू नका. गार्डवरची छोटी पाती तार मापात कापते. तार लांब राहिली की इंजिनावर ओढ येते, फेरे कमी होतात, क्लच घसरून तापतो.

वरून पाहिलं तर आमचं हेड घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे समोरचा कचरा डावीकडे उडतो. म्हणून लॉन डाव्या हाताला ठेवून चालायचं. कापलेलं गवत फरशीवर न पडता लॉनमध्येच पडतं. अर्धा थ्रॉटल पुरतो, फक्त तारेचं टोक गवताला लागू द्यायचं. हेड उभं धरून मातीत उभी कड काढायची असेल तर काळ्या मातीचा अंदाज हवा: वाळली की दगड, भिजली की हेडला लगदा. आदल्या संध्याकाळी हलकं पाणी देऊन सकाळी काम केलं की रेघ सरळ येते. मुरमाचे खडे उडतात, गॉगल लावाच आणि मुलांना 15 मीटर लांब ठेवा.

संत्र्याच्या कलमाजवळ मशीन नेऊच नका. तार खोडाला दोन-चारदा घासली तरी कोवळी साल निघते, आणि ती चहूबाजूंनी गेली तर झाड वाळतं. बुंध्याभोवती फूटभर माती हातानं मोकळी ठेवावी.

इंजिनात ऑइल 100 मिली, 10डब्ल्यू-30 ग्रेडचं. पहिलं 10 तासांनी बदलायचं, पुढे दर 50 तासांनी किंवा 6 महिन्यांनी. एअर फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, ऑइलचे थोडे थेंब देऊन पिळा. स्पार्क प्लगच्या टोकांमधली गॅप 0.6 ते 0.7 मिमी. खालच्या गिअर हेडमध्ये अधूनमधून लिथियम ग्रीस.

डिसेंबर-जानेवारीत हरळी मंदावते, मशीन पडून राहतं, आणि बिघाड तिथेच सुरू होतो. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, कार्बोरेटरचं जेट तुंबतं, रबरी नळ्या कडक होतात. तीन आठवड्यांहून जास्त काम नसेल तर टाकी रिकामी करा, प्रायमरचा फुगा (पेट्रोल ओढणारा छोटा रबरी पंप) दाबून उरलेलं परत टाकीत आणा, तेही काढा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.