ड्रॉप-वेट यंत्रावर घरच्या घरी गटिंग: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत ड्रॉप-वेट, म्हणजे दांड्यावरच्या वजनाने तार ताणणाऱ्या यंत्रावर मी माझ्या दोन टेनिस रॅकेटींचे गटिंग, म्हणजे जाळीच्या तारा ताणून बसवण्याचे काम, चौदा वेळा केले. ताणाच्या बाबतीत हे साधे यंत्र पूर्ण भरवशाचे आहे; जे बिघडते ते क्लॅम्पमध्ये (ताणलेली तार धरून ठेवणाऱ्या चिमट्यात) किंवा माझ्या हातून बिघडते.

यात वीज नाही, ताण देणारी स्प्रिंगही नाही. दांड्यावरच्या खुणेपर्यंत वजन सरकवायचे, तार पकडीत अडकवायची आणि दांडा हाताचा आधार देत खाली आणायचा. तो आडवा स्थिरावला की ठरलेला ताण मिळाला. सुरुवातीला तो तंतोतंत आडवा यावा म्हणून मी एकेक तार तीन-तीनदा ओढत असे. पुढे हिशेब मांडला तेव्हा दिसले की दांडा 10 अंश वर किंवा खाली राहिला तरी ताण जेमतेम दीड टक्क्याने कमी होतो, म्हणजे 52 पौंडांवर एक पौंडही नाही. तेव्हापासून तो हट्ट सोडला.

पहिली रॅकेट मात्र फळीसारखी कडक झाली. पूर्वी माझे गटिंग क्रँकच्या, म्हणजे हाताने दांडी फिरवून तार ताणायच्या यंत्रावर होत असे, आणि तोच 55 पौंडांचा आकडा मी इथे लावला होता. क्रँकचे यंत्र ठरलेल्या ताणाला पोहोचताच अडकून थांबते आणि तार तिथल्या तिथे सैलावू लागते. इथे वजन खेचतच राहते, त्यामुळे त्याच आकड्यावर जाळी अधिक घट्ट बसते. आता मी 52 वर समाधानी आहे.

खरी तक्रार सुट्या क्लॅम्पची आहे. ते शेजारच्या तारेचाच आधार घेतात, त्यामुळे वजन उचलताच किंचित तिरके होऊन मागे सरकतात आणि कमावलेला ताण थोडा निसटतो. गुळगुळीत पॉलिएस्टर तारेवर तर जबडे घसरून पांढुरके ओरखडेही उठले. स्पिरिटने जबडे पुसून घेतल्यावर हा त्रास बराच कमी झाला. पायालाच जोडलेले क्लॅम्प असलेले यंत्र परवडत असेल तर तेच घ्यावे.

सोळा उभ्या तारा लवकर होतात, वेळ खातात त्या एकोणीस आडव्या. एकदा सातव्या ओळीतली चुकलेली वीण दहाव्या ओळीला लक्षात आली आणि सगळे उसवावे लागले. पहिल्या रॅकेटीला तीन तास लागले होते, आता सव्वा तास लागतो. तरीही दोन्ही रॅकेटींच्या तारा एकाच दिवशी तुटल्या तर दुसरी मी दुसऱ्या दिवसावर ढकलतो.