लॅमिंग्टन रोडवरचं 'रेलगन' किट, ३ स्टार

भाच्याच्या कॉलेजात सायन्स एक्झिबिशन, म्हणून शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरनं हे किट उचललं, १४०० सांगितले, घासाघीस करून १२५० ला दिलं. डब्यावर मोठ्ठं 'रेलगन' लिहिलंय आणि घरी येऊन उघडतो तर आत कॉइलगन, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात वीज सोडून चुंबकासारखा खिळा ओढणारी! रेलगनला दोन समांतर पट्ट्या लागतात, करंट पट्टीतून गोळ्याच्या बुडातनं पलीकडच्या पट्टीत जातो आणि तोच धक्का गोळ्याला पुढे ढकलतो, कॉइलचं काही कामच नाही. अमेरिकन नेव्हीने २०१० मध्ये असा ३३ मेगाज्युलचा बार काढला होता आणि २०२१ ला गाशा गुंडाळला, १२५० रुपयात ती कुठून येणार म्हणा, येडे आपणच.

पण मजा आली हे खरं. प्लास्टिकच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळताना बोटं लाल झाली. पहिला बार काढला तर खिळा पुढे जायचा सोडून उलटा आला आणि थेट ताईच्या चिवड्याच्या वाटीत! कॉइल खिळ्याला आपल्या मध्याकडे ओढते, आणि आम्ही तो मध्याच्या पुढे सरकवून ठेवलेला. मग खिळ्याचं टोक जेमतेम कॉइलच्या तोंडाशी ठेवलं आणि खाट्कन समोरच्या थर्माकोलात रुतला. मोबाईलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन काढला, एका फ्रेमला साधारण चार सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. वीज साठवणारा कॅपॅसिटर ४७० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट, म्हणजे जवळपास २९ ज्यूल ऊर्जा, आणि ४ ग्रॅमच्या खिळ्याला मिळाले ०.२. बाकी सगळं बहुतेक तार तापवण्यात गेलं. भाचा म्हणे, "मामा, एक टक्कापण नाही?" त्याला सांगितलं, नॉर्वेच्या बिर्कलँडने १९०३ ला लोकांना बोलावून अशी तोफ दाखवली तर ऐन वेळी शॉर्ट होऊन जाळ निघाला, आणि असल्याच जाळातनं पुढे त्याने हवेतल्या नायट्रोजनचं खत बनवायची पद्धत काढली.

दोन स्टार कापले ते वेगळ्याच कारणाने. बार न काढता स्विच बंद करून आम्ही जेवायला गेलो, अर्ध्या तासाने मल्टिमीटर लावला तर ३१० व्होल्ट तसेच बसलेले! चार्ज उतरवायचा ब्लीडर रेझिस्टर किटमध्ये नाहीच, कागदावरपण एक ओळ नाही. दुकानात फोन केला तर "वो ऑप्शनल है". अरे, पोरं हात घालतात ह्यात! शेवटी ४७ के म्हणजे ४७ किलो-ओहमचा ५ वॉटवाला रेझिस्टर आणून कॅपॅसिटरला समांतर सोल्डर केला, आता दोनेक मिनिटांत उतरतो. घेणार असाल तर तो त्याच फेरीत घेऊन या, मला परत जायला लागलं.