ऑफिसचा फोन इंटरनेटवर न्यावा का? क्लाउड पीबीएक्सची पारख

क्लाउड पीबीएक्स म्हणजे ऑफिसचं फोन एक्स्चेंज ऑफिसात न ठेवता सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, इंटरनेटवरून चालवणं. आयव्हीआर (‘१ दाबा, २ दाबा’ सांगणारा आवाज), कॉल रेकॉर्डिंग, ईमेलवर येणारा व्हॉइसमेल, मोबाइलवर चालणारं एक्स्टेन्शन (ऑफिसातला अंतर्गत नंबर): ही यादी आता प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात जवळपास सारखीच असते. तिच्यावरून सेवा निवडू नका. फोनचा दर्जा ठरतो तो बहुतांशी तुमच्या ऑफिसातल्या राउटरवर आणि अपलोडच्या वेगावर. ते दोन्ही नीट असेल तर सेवा घेण्यासारखी आहे, आणि माणसं दोन-तीन ठिकाणी विखुरलेली असतील तर नक्कीच. राउटरची घडी बसलेली नसेल तर कितीही महागडी कंपनी घ्या, तक्रारी त्याच येतील.

आधी हिशेब करू. जी.७११ या सर्वांत प्रचलित कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) आवाजाला ६४ केबीपीएस लागतात. दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट (माहितीचे छोटे गठ्ठे) निघतात. प्रत्येकात १६० बाइट आवाज, त्यावर वेष्टन म्हणून आयपी, यूडीपी आणि आरटीपी या नेटवर्कच्या नियमांचे ४० आणि इथरनेटचे १८ बाइट. गुणाकार केला की एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस होतात. एकाच वेळी १० कॉल चालले तरी १ एमबीपीएसच्या आतच. जी.७२९ने हा आकडा ३१ वर येतो, पण त्यात आवाज २० बाइट आणि वेष्टन ५८ बाइट असा प्रकार होतो आणि आवाजही दबका वाटतो. लाइन बरी असेल तर जी.७११ किंवा जी.७२२च ठेवावा.

म्हणजे अडचण सहसा बँडविड्थची, लाइनच्या क्षमतेची, नसते. अडचण रांगेची असते. समजा, एका टेबलावरून कोणी मोठी फाइल पाठवायला घेतली, किंवा दुपारी बॅकअप सुरू झाला. अपलोड भरतं आणि आवाजाची पॅकेटं त्या फाइलच्या मागे मोडेममध्ये अडकतात. ती पोचतात, पण उशिरा. पॅकेटं पोचण्याच्या वेळेत जी तफावत पडते तिला जिटर म्हणतात. ती सांभाळणारा समोरच्याचा जिटर बफर साधारण शंभर मिलिसेकंदांच्या आतलाच असतो, त्यामुळे उशिरा आलेली पॅकेटं तो टाकून देतो. ग्राहकाला ऐकू येतं, ‘तुमचा माल सो... पर्यंत... चेल’. ऑफिसातल्या माणसाला मात्र ग्राहकाचा आवाज स्वच्छ येत असतो, कारण डाउनलोड मोकळंच आहे. म्हणून ‘आमच्याकडे तर सगळं ठीक आहे’ असं ऑफिस छातीठोकपणे सांगतं आणि दोष ग्राहकाच्या मोबाइलवर जातो. आवाज तुटल्याची तक्रार नेहमी पलीकडूनच येत असेल तर आधी अपलोड तपासा.

उपाय राउटरवरच करायचा. अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधून ठेवा, म्हणजे रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते आणि तिथे आवाजाला पुढे काढता येतं. फोनवर डीएससीपी ४६ ही, ‘हे पॅकेट आधी सोडा’ असं सांगणारी, खूण लावा. बाहेरच्या इंटरनेटवर तिला बहुधा कोणी विचारत नाही, पण तुमच्या राउटरपुरती ती पुरते. हे करता येत नसेल असा राउटर बदलून टाका, त्यात कंजुषी नको. वेगाची चाचणी एकदा करून भागत नाही. कंपनीच्या सर्व्हरला तारेच्या जोडणीवरून कामाचा पूर्ण दिवस पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) लावून ठेवा. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर ३० च्या आत आणि पॅकेट गळती १ टक्क्याच्या खाली राहिली तर पुढे जा. पिंग जाऊन-येऊन लागणारा वेळ दाखवतो हे विसरू नका; एका दिशेसाठी साधारण त्याच्या निम्मा धरा.

दुसरा खोडसाळ भाग म्हणजे राउटरमधलं ‘सिप एएलजी’. सिप म्हणजे इंटरनेटवर कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांची पद्धत. मदतीसाठी बनवलेली ही सोय सिप संदेशातले पत्ते परस्पर बदलते आणि बऱ्याचदा चुकीचे बदलते. ते पहिल्या दिवशीच बंद करा. राउटर इंटरनेट कंपनीचा असेल आणि त्यात तो पर्याय दिसत नसेल तर फोन टीएलएस या कूटबद्ध जोडणीवर, म्हणजे ५०६१ पोर्टवर, चालवा. संदेश कूटबद्ध झाला की एएलजीला तो वाचताच येत नाही.

काही बिघाड घड्याळ लावून ओळखता येतात. कॉल उचलल्यावर बरोबर ३२ सेकंदांनी कट होत असेल तर कॉल उचलल्याची पोच परत पोचत नाहीये. सिपमध्ये त्या पोचेची वाट अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट पाहिली जाते आणि मग कॉल सोडून दिला जातो. कॉल १५ मिनिटांच्या आसपास तुटत असेल तर सेशन टायमरकडे (कॉल अजून चालू आहे ना, हे ठरावीक वेळाने तपासणारी सोय) बघा: मुदत १८०० सेकंद, नूतनीकरण निम्म्या वेळेला, आणि तो संदेश फायरवॉलवर अडकलेला. बाहेर फोन लागतात पण थोड्या वेळाने येणारे बंद होतात, असं असेल तर राउटरची नॅट नोंद (बाहेरून आलेलं आतल्या कोणत्या फोनला द्यायचं याची) पुसली जातेय. फोनचा कीप-अलाइव्ह, म्हणजे ही नोंद जिवंत ठेवणाऱ्या संदेशांमधला वेळ, ३० सेकंदांच्या खाली आणा. सपोर्टला ‘कॉल कट होतो’ एवढंच न सांगता सेकंद सांगितलेत तर अर्धं काम तिथेच होतं. करार करण्याआधी विक्रीवाल्याला हा ३२ सेकंदांचा प्रश्न जरूर विचारा. उत्तर कोणाकडे येतं आणि किती वेळात येतं, यावरून सपोर्टची खोली कळते.

सगळ्याच लाइनी हलवू नयेत. फॅक्स, लिफ्टमधला आपत्कालीन फोन, अलार्मची लाइन आणि फोन लाइनवरून चालणारं कार्ड मशीन ही जुन्या लाइनसाठी बनलेली यंत्रं आहेत. फॅक्ससाठी टी.३८ हे इंटरनेटवरून फॅक्स पाठवायचं तंत्र असतं, पण ते दोन्ही टोकांना आणि मधल्या कंपनीलाही जमावं लागतं. या लाइनी वेगळ्या ठेवणंच शहाणपणाचं. समोरच्या आयव्हीआरमध्ये ‘१ दाबा’ चालत नसेल तर डीटीएमएफची (बटण दाबल्याच्या सुरांची) सेटिंग इन-बँडवरून, म्हणजे सूर आवाजातच मिसळून पाठवण्यावरून, ‘आरएफसी २८३३’ करा.

विजेचंही पाहा. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजकडूनच वीज मिळते, आयपी फोनला ती तुम्ही द्यायची. नेटवर्कच्या तारेतूनच फोनला वीज देणारा पीओई स्विच घ्या (८०२.३एएफ प्रकारात पोर्टमागे १५.४ वॉट) आणि मोडेम, राउटर, स्विच हे तिन्ही यूपीएसवर घ्या. मोडेम राहून जातो, आणि मग यूपीएस चालू असूनही फोन मुके. इंटरनेटच गेलं तर कॉल मोबाइलवर वळावेत ही व्यवस्था कंपनीच्या सर्व्हरवर करून ठेवा, फोनवर केलेलं फॉरवर्डिंग त्या वेळी उपयोगी पडत नाही. आपत्कालीन नंबरसाठी प्रत्येक शाखेचा पत्ता नोंदवला आहे का, तेही लेखी घ्या.

पैशांच्या बाबतीत एकच विचारा: दर एक्स्टेन्शनमागे की चॅनेलमागे, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या कॉलमागे? ३० माणसं आहेत, पण एका वेळी ८ कॉलच चालतात, अशा ऑफिसला चॅनेलमागचा दर बरा पडतो. परदेशी कॉल गरज नसेल तर बंदच ठेवा आणि दिवसाची खर्चमर्यादा बांधा. एक्स्टेन्शन १०१ चा पासवर्डही १०१ ठेवला आणि सिपचा ५०६० पोर्ट सगळ्या जगाला उघडा राहिला, तर चोर शनिवार-रविवारच्या रात्री महागड्या नंबरांवर कॉल लावतात आणि सोमवारी बिल दिसतं. ते बिल कोणी भरायचं हे करारात स्पष्ट असावं. ते कलम नसेल तर सही करू नये, असं माझं ठाम मत आहे.

नंबर हलवण्याची घाई नको. आधी तात्पुरत्या नंबरवर महिनाभर चालवा आणि महिनाअखेरच्या गर्दीचा दिवस त्यात येऊ द्या. मग पोर्टिंगची, म्हणजे तोच नंबर नव्या कंपनीकडे नेण्याची, सोय तुमच्या नंबरला असेल तर तसा अर्ज करा. नाव आणि पत्ता जुन्या बिलावर जसा आहे तसाच, अक्षरशः, लिहा; तफावत निघाली की अर्ज परत येऊ शकतो. आणि जुनी लाइन स्वतःहून बंद करू नका. बंद झालेला नंबर पोर्ट होत नाही, आणि बोर्डावर, पावत्यांवर, ग्राहकांच्या मोबाइलमध्ये तोच नंबर असतो.