ऑक्सिजन इलेक्ट्रोडचा स्लॉट घेण्याआधी: जळगाव भागातल्या एका सामायिक प्रयोगशाळेबद्दल

केळीच्या गरातून वेगळी केलेली मायटोकाँड्रिया (पेशीत श्वसन चालवणारे सूक्ष्म भाग) बर्फावर पाच-सहा तास बरी राहतात. त्यापुढे ती किती ऑक्सिजन वापरतात हे मोजणारं यंत्र, म्हणजे ऑक्सिजन इलेक्ट्रोड, आकडे देतं, पण भरवशाचे नाहीत. आख्खा घडच पुण्या-मुंबईला न्यावा, तर गाडीतल्या उकाड्यात आणि स्वतःच्याच इथिलीनमध्ये (पिकवणाऱ्या वायूत) फळ पिकायला लागतं. पिकताना येणारा श्वसनाचा जो चढ मोजायचा, तो वाटेतच होऊन जातो. म्हणून रावेर-यावलच्या मळ्यापासून फार लांब न जाता ऑक्सिजन इलेक्ट्रोड, थंड सेंट्रिफ्यूज आणि बर्फाचं मशीन एका छताखाली मिळतं, हीच या केंद्राची खरी जमेची बाजू.

यंत्र क्लार्क पद्धतीचं आहे: प्लॅटिनमचा कॅथोड, चांदीचा अ‍ॅनोड, मध्ये पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण, वर टेफ्लॉनचा पातळ पडदा. पडदा बसवायला इथे शांतपणे शिकवतात. पडद्याखाली सिगारेट वळायच्या कागदाचा तुकडा त्या द्रावणात भिजवून घालायचा असतो (होय, टपरीवर मिळतो तोच). खाली बुडबुडा राहिला की ऑक्सिजनच्या नोंदीची रेघ थरथरते आणि शून्याकडे उतरायला रेंगाळते. सुरकुती दिसली तर ओढून-ताणून चालवू नका, नवा पडदा घाला. ऑक्सिजनचं शून्य ठरवायला ऑक्सिजन संपवणाऱ्या डायथायोनाइटचे चार कण पुरतात. पण नंतर आठ-दहा वेळा धुवा, नाहीतर उरलेलं डायथायोनाइटच तुमचा ऑक्सिजन खात बसतं.

तापमानाचा मामला मात्र नीट नाही. चेंबरभोवती पाणी फिरवणारा वॉटरबाथ फक्त तापवतो, गार करत नाही. मे महिन्यात एसी बंद पडला की २५ अंशांवर लावलेलं चेंबर गुपचूप ३० वर सरकतं. हवेने संपृक्त पाण्यात २५ अंशांना ऑक्सिजन साधारण २५८ मायक्रोमोलर, ३० ला २३७. जुनाच आकडा धरून हिशेब केला तर दर जवळपास ९ टक्के फुगतो, आणि उष्णतेने मायटोकाँड्रियाचा वेग वाढतो तो वेगळाच. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच असल्याने दोनेक टक्के अजून वजा करायचे. स्वतःचा थर्मामीटर न्या आणि बाथमध्ये सोडायला गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या मागून घ्या. कॅलिब्रेशनला (यंत्राचे आकडे जुळवायला) फ्रिजमधलं पाणी नको, गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. साधं पाणी चेंबरमध्येच उघडं ठेवून, ढवळत, रेघ सपाट होईपर्यंत थांबा.

सगळ्यात मोठी तक्रार लॉगबुकची. आधीच्या माणसाने काय वापरलं, हे तिथे लिहिलेलंच नसतं. अँटिमायसिन (श्वसन अडवणारं), एफसीसीपी (श्वसन मोकाट सोडणारं) ही तेलकट वळणाची रसायनं. टेफ्लॉनला आणि ढवळकांडीला चिकटून बसतात, नुसत्या पाण्याने जात नाहीत. सक्सिनेट (श्वसनाचं इंधन) घातल्यावर रेघ जेमतेम हलली, तर अँटिमायसिनचा संशय घ्या. दर जोरात आहे पण एरवी वेग वाढवणाऱ्या एडीपीने काही फरक पडत नाही, तर एफसीसीपीचा. (किंवा तुमचीच मायटोकाँड्रिया फाटलेली असतील, दिसायला दोन्ही सारखंच.) चेंबर इथेनॉलने तीनदा, पाण्याने पाच-सहादा धुवा, मग बीएसएचं (अशी रसायनं धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं) द्रावण थोडा वेळ फिरवा. ढवळकांडी स्वतःचीच न्या.

कच्च्या केळीत टॅनिन आणि चीक. वाटलं की काळं पडतं आणि प्रथिनं निकामी होतात. म्हणून वाटायच्या द्रावणात ०.३ मोलर मॅनिटॉल, १ मिलिमोलर ईडीटीए, ०.२ टक्के बीएसए, १ टक्का पीव्हीपी (टॅनिन धरून ठेवणारं), पीएच ७.५, ५ मिलिमोलर सिस्टीन (काळं पडणं रोखणारं) अगदी शेवटी, वाटण्याच्या तोंडावर. मिक्सर दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. मलमलीतून गाळून १,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोराने) १० मिनिटं फिरवलं की तळाला स्टार्चचा पांढरा गोळा बसतो. तो टाकून वरचं पाणी १२,००० जी वर २० मिनिटं. इथला सेंट्रिफ्यूज फक्त आरपीएम (मिनिटाला फेरे) दाखवतो. रोटरची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर १२,००० जी म्हणजे सुमारे १०,४०० आरपीएम. त्रिज्या विचारूनच लावा, आणि रोटर आधी तासभर चार अंशांवर राहू द्या.

श्वसन थांबवायला वापरलेल्या सायनाइडच्या कचऱ्यासाठी वेगळी अल्कधर्मी बाटली ठेवलेली आहे, हे बघून बरं वाटलं. आम्लात पडलं तर विषारी वायू सुटतो. केळीत सायनाइडनंतरही पर्यायी ऑक्सिडेजमुळे (सायनाइडला न जुमानणाऱ्या एन्झाइममुळे) थोडं श्वसन चालूच राहतं. ते थांबवायला लागणारं एसएचएएम हे रसायन केंद्रात मिळत नाही, डीएमएसओ या द्रावकात विरघळवून सोबत न्या.

स्लॉट अर्ध्या दिवसाचा असतो. सकाळचाच मागा: वाटणं, फिरवणं, कॅलिब्रेशन यातच तीन तास जातात, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर तो वॉटरबाथ काही ऐकत नाही.