केस लावून घेतले, आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू
पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये एफयूई केलं, म्हणजे डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढं लावतात ते, 2200 ग्राफ्ट (मुळासकट केसांचे बारीक पुंजके), क्लिनिकचं नाव घेत नाही. डॉक्टर आले, मार्करने कपाळावर हेअरलाइन आखली, गोड बोलले आणि जे गायब झाले ते झालेच, पुढचे सात तास टेक्निशियन पोरंच टोचत होती. 2022 मध्येच नॅशनल मेडिकल कमिशनने सांगितलंय की हे काम ट्रेनिंग घेतलेल्या डॉक्टरनेच करायचं, बाकीचे फक्त मदतीला, हे मला घरी आल्यावर कळलं, बोंबला! तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस उशीवर दिसायला लागले, धाबं दणाणलं, पण ते नॉर्मल असतं म्हणे, मुळं आत राहतात आणि तीन-चार महिन्यांनी परत उगवायला लागतात. पुढं मस्त भरलंय. मागून मात्र विरळ, न्हावीपण विचारतो, "काय झालं ओ?" तीन स्टार, त्यातला एक ड्रेसिंग करणाऱ्या ताईंचा.