भिंतीवर टेनिसचा सराव: लाल, नारिंगी, हिरवा की पिवळा चेंडू?

भिंतीवर सराव करणारे बहुतेक जण रॅकेटची, बुटांची चौकशी करतात आणि चेंडू मात्र घरात पडलेला कुठलाही उचलतात. खरा फरक चेंडूनेच पडतो. लहान मुलांसाठी म्हणून विकले जाणारे लाल, नारिंगी आणि हिरवे चेंडू मोठ्या माणसांच्या भिंतीवरच्या सरावाला कितपत उपयोगी पडतात, ते या परीक्षणात पाहू.

आधी भिंतीची अडचण समजून घ्यावी लागते. टेनिस कोर्ट 78 फूट, म्हणजे 23.77 मीटर लांब. बेसलाइनवरून (कोर्टच्या मागच्या टोकाच्या रेषेवरून) ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने मारलेला चेंडू पलीकडे जाऊन परत यायला तीन सेकंदांच्या आसपास वेळ घेतो. भिंतीपासून 7 मीटरवर उभं राहून तोच फटका मारला, तर चेंडू साधारण एका सेकंदात परत येतो. एवढ्या वेळात खांदे वळवणं, पाय लावणं (फटक्यासाठी पायांची जागा घेणं), रॅकेट मागे नेणं, काहीच पुरं होत नाही. मग हात आपोआप आखडतो, फॉलो थ्रू (फटक्यानंतर रॅकेट पुढे नेणं) अर्धवट सुटतो, फोरहँडवरून बॅकहँडला येताना ग्रिप बदलायची राहून जाते. रोज अर्धा तास असा सराव केला की हीच घाई अंगवळणी पडते आणि कोर्टवर वेळ असूनही हात आखडलेलाच राहतो. "भिंतीने खेळ बिघडतो" असं काही प्रशिक्षक म्हणतात, ते यामुळेच. दोष भिंतीचा नसतो, त्या अंतराला न शोभणाऱ्या चेंडूचा असतो.

आता चेंडूंकडे वळू. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत या प्रत्येक रंगाचं माप ठरलेलं आहे. 254 सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडल्यावर नेहमीच्या पिवळ्या चेंडूने 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवं आणि त्याचं वजन 56 ते 59.4 ग्रॅम असायला हवं. हिरवा, म्हणजे स्टेज 1, उसळतो 120 ते 135 सेंटिमीटर. नारिंगी, स्टेज 2, 105 ते 120 सेंटिमीटर, वजन 36 ते 46.9 ग्रॅम. लाल, स्टेज 3, सगळ्यात मंद. त्यात लव असलेला चेंडू 7 ते 8 सेंटिमीटर व्यासाचा आणि 90 ते 105 सेंटिमीटर उसळणारा, तर फोमचा 8 ते 9 सेंटिमीटरचा आणि अगदी हलका. 2012 पासून दहा वर्षं व त्याखालच्या मुलांच्या स्पर्धांत पिवळा चेंडू चालत नाही, यांपैकीच एखादा वापरावा लागतो. म्हणून दुकानदार त्यांना "लहान मुलांचे चेंडू" म्हणतात. हेड कंपनीचे टिप रेड, टिप ऑरेंज, टिप ग्रीन, डनलॉपचे स्टेज 3, 2, 1, पेन कंपनीचे क्यूएसटी 36, 60, 78 हे सगळे याच तीन पायऱ्यांचे. पेनच्या नावातले आकडे त्या त्या चेंडूच्या कोर्टच्या लांबीचे, फुटांमधले.

या उसळीचा भिंतीशी थेट संबंध आहे. उसळीच्या आकड्यांवरून हिशेब केला, तर पिवळा चेंडू आदळल्यावर आपल्या वेगाचा साधारण 74 टक्के भाग राखतो, हिरवा 71, नारिंगी 66 आणि लाल 62. (जोरात आदळल्यावर सगळेच याहून थोडं जास्त गमावतात, पण क्रम तोच राहतो.) समजा, सपाट मारलेला चेंडू ताशी 60 किलोमीटरने भिंतीवर दीड मीटर उंचीला लागला. तिथून तो जमिनीवर पडायला सुमारे 0.55 सेकंद लागतो. तेवढ्यात पिवळा 6.8 मीटर मागे येतो. तुम्ही 7 मीटरवर उभे असाल, तर टप्पा नेमका पायांच्या बोटांपाशी पडतो आणि हाफ व्हॉलीशिवाय (टप्पा पडताक्षणी मारण्याशिवाय) पर्याय राहत नाही. लाल चेंडूचा टप्पा 5.7 मीटरवर, म्हणजे तुमच्या 1.3 मीटर पुढे. प्रत्यक्षात हा फरक आणखी वाढतो. लाल चेंडू मोठा आणि हलका असल्याने हवेतच जास्त अडतो. म्हणून पूर्ण हात फिरवूनही चेंडू पुढ्यात टप्पा घेतो. भिंतीवर हवं असतं ते हेच.

रंगवार बोलायचं, तर मोठ्या माणसाला एकच प्रकार घ्यायचा असल्यास नारिंगी घ्यावा. भिंतीपासून 7 ते 8 मीटरवर, एका टप्प्यात, पूर्ण फोरहँड आणि दोन हातांचा बॅकहँड नीट मारता येतो. चेंडू पिवळ्याच्याच आकाराच्या आसपास असल्याने रॅकेटच्या तारांच्या मधोमध घेण्याची सवय मोडत नाही. त्याची उणीव म्हणजे हलकेपणा. उशिरा मारलेला फटकाही तो खपवून घेतो. पिवळा चेंडू मनगटाला जो धक्का देऊन चूक दाखवतो, तो इथे मिळत नाही. म्हणून फटका शरीराच्या पुढे लागतोय की नाही, हे डोळ्यांनी पाहावं लागतं. मोबाइल बाजूला उभा करून दहा फटक्यांचं चित्रीकरण केलं की लगेच कळतं.

लाल चेंडू ज्यांना भिकार वाटतो, त्यांनी तो व्हॉलीसाठी वापरून पाहावा. 2 ते 3 मीटरवर उभं राहायचं, रॅकेट छातीपुढे धरायची आणि टप्पा पडू न देता पंचवीस फोरहँड, पंचवीस बॅकहँड, मग आलटून पालटून. पिवळ्या चेंडूवर या अंतरावर नवशिक्याच्या चार-पाच व्हॉल्याच होतात आणि त्याही रॅकेट झोडपून. लाल चेंडूवर रॅकेट मागे न नेता नुसतं पाऊल टाकून चेंडू अडवायला शिकता येतं. फोमच्या लाल चेंडूचा आणखी एक गुण शहरातल्या माणसाला फार मोलाचा वाटेल: तो फारसा आवाज करत नाही. सोसायटीच्या पार्किंगमधल्या भिंतीवर पिवळा चेंडू दुपारी आपटला की पहिल्या मजल्यावरून खिडकी उघडते. फोमचा चेंडू त्या त्रासातून सोडवतो. पण मैदानात वारा असेल तर तो निरुपयोगी ठरतो, आणि टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणं) शिकायलाही त्याचा फारसा उपयोग नाही.

हिरवा चेंडू वजनाला जवळजवळ खरा (47 ते 51.5 ग्रॅम), पण त्याला जागा लागते. मागे 9 ते 11 मीटर मोकळी जागा असेल आणि फटका आधीच बसलेला असेल, तर हाच सगळ्यात चांगला. आपल्याकडच्या बहुतेक भिंतींपुढे एवढी जागा नसते, म्हणून त्याची शिफारस हात राखून.

पिवळा चेंडू भिंतीवर दोनच कामांना ठेवावा. एक, सर्व्हिस. तिथे परत आलेला चेंडू मारायचाच नसतो, त्यामुळे खरं वजन हाताळणं फायद्याचं. भिंतीपासून 11.9 मीटरवर, म्हणजे बेसलाइन ते नेट एवढ्या अंतरावर उभं राहायचं. सपाट सर्व्हिस भिंतीवर आखलेल्या नेटच्या रेषेच्या अगदी वरून, फार तर दोन-तीन वीत उंचीवरून जायला हवी. त्याहून वर लागली तर ती बहुधा सर्व्हिस बॉक्सच्या (सर्व्हिस जिथे पडावी लागते त्या चौकटीच्या) बाहेर पडणारी. दोन, दोन टप्प्यांचा सराव. पिवळा चेंडू 9–10 मीटरवरून मारायचा आणि दुसऱ्या टप्प्यानंतर घ्यायचा. पुस्तकी नियमात बसत नाही, पण पाय लावायला पुरेसा वेळ मिळतो. नवे चेंडू विकत न घेता सराव सुधारायचा असेल, तर आजच सुरू करण्यासारखा उपाय हा.

नेटची रेषा कुठे आखायची? मध्यभागी नेट 91.4 सेंटिमीटर उंच असतं, खांबांपाशी 1.07 मीटर. खडूने किंवा मास्किंग टेपने 91 सेंटिमीटरवर आडवी रेषा काढावी, आणि तिच्या वर 30 ते 90 सेंटिमीटरच्या पट्ट्यात 60 सेंटिमीटरचे दोन चौकोन. नुसत्या रेषेला नेम धरला की फटके खुजे होतात. कोर्टवर तेच चेंडू सर्व्हिस लाइनच्या (सर्व्हिस बॉक्सच्या मागच्या रेषेच्या) आसपास पडतात.

भिंत एका बाबतीत फसवते आणि तिथे कोणताच रंग कामाला येत नाही. टॉपस्पिनने फिरणाऱ्या चेंडूची पुढची बाजू खाली जात असते. भिंतीला लागताच घर्षण त्याला वर ढकलतं. म्हणून टॉपस्पिनचा चेंडू भिंतीवरून वर चढून, तरंगत येतो, आणि टप्प्यावर पुढे झेपावण्याऐवजी थबकतो. स्लाइसचं (उलट्या फिरकीच्या फटक्याचं) नेमकं उलटं: चेंडू भिंतीवरून खाली दबतो आणि टप्प्यानंतर पुढे सरसावतो. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू असा वागत नाही. तेव्हा फटका चांगला झाला की नाही, हे परतीच्या चेंडूवरून ठरवू नये, भिंतीवर तो कुठे लागला त्यावरून ठरवावं. टॉपस्पिन शिकणाऱ्याने तर एक फटका मारून परतीचा चेंडू हाताने झेलावा, पाय पुन्हा लावावेत आणि मग पुढचा मारावा. असे वीस फटके सलग शंभर झोडपण्यापेक्षा जास्त शिकवतात.

खरेदी करताना घोटाळा होतो तो शब्दांमुळे. महाराष्ट्रात दुकानात "टेनिस बॉल" मागितला, तर बहुतेक वेळा क्रिकेटचा टेनिस बॉल हातात येतो. त्यातला "हेवी" खऱ्या टेनिस चेंडूपेक्षा स्पष्ट जड आणि कडक असतो. रॅकेटने भिंतीवर तो मारत राहिलं की तारा आणि कोपर दोन्हींना त्रास. "लाइट" कोपराला तेवढा त्रास देत नाही, पण त्याची उसळी टेनिसच्या मापाने बनवलेली नसते. म्हणून रंगाचा ठिपका किंवा स्टेजचा आकडा छापलेला पाहूनच घ्यावा. तीन-चार चेंडू एकदम घ्यावेत, म्हणजे दर फटक्यामागे चेंडू आणायला धावावं लागत नाही.

घरी तपासायचं असेल तर 150 सेंटिमीटरवरून, फरशीवर नाही, काँक्रीटवर चेंडू सोडा. पिवळा साधारण 80 ते 87 सेंटिमीटर यायला हवा, हिरवा 71 ते 80, नारिंगी 62 ते 71, लाल लवेचा 53 ते 62. डबा उघडल्यावर पिवळ्यातली हवा काही आठवड्यांत उतरते. 75 च्या खाली गेला की तो मेला समजावा. गंमत म्हणजे भिंतीवर असा उतरलेला पिवळा चेंडू हिरव्याचं काम बऱ्यापैकी करतो, वजन तेवढं खरंच राहतं. ज्यांच्याकडे जुन्या चेंडूंची पिशवी आहे, त्यांनी हिरवा विकत घेऊच नये.

टिकाऊपणा भिंतीवर अवलंबून आहे. खरबरीत सिमेंटच्या गिलाव्यावर लव झपाट्याने झिजते, उघड्या विटांवर त्याहून लवकर. टकला झालेला चेंडू हवेत कमी अडतो आणि तारांना धरत नाही, मग मंद चेंडू घेतल्याचा अर्धा फायदा तिथेच संपतो. पावसाळ्यात ओली लव पाणी धरते, चेंडू जड होतो आणि मनगट दुखू लागतं. शिवाय शेवाळलेल्या भिंतीवरून तो कुठेही घसरतो. कोकण-गोव्याच्या तांबड्या मातीत चेंडू महिनाभरात विटकरी होतात आणि भिंतीच्या रंगात हरवतात, तेव्हा तिथे भिंतीला पांढरा चुना मारून घ्यावा आणि चेंडू दर आठवड्याला कोरड्या ब्रशने घासावेत. पाण्याने धुऊ नयेत.